शून्य टिंब शंभर

मे महिना सरत आला की मुरबाडच्या बाजारपेठेत भाताच्या बियाण्याची चौकशी सुरू होते. राब भाजून झालेले असतात, बांधबंदिस्ती उरकलेली असते आणि सगळ्यांची नजर मृगाकडे लागलेली असते. दुकानात आलेला शेतकरी बियाण्याचं वर्णन करत बसत नाही. तो आकडा सांगतो. 'कर्जत तीन आहे का?' नाहीतर 'एकशे चौऱ्याऐंशीची पिशवी द्या.' भात हळवं की गरवं, माळाला चालेल की खोलगट खाचराला, दाणा बारीक की जाड, हे सगळं त्याला त्या आकड्यावरून कळलेलं असतं.

हे आकडे आले कुठून? मुरबाड तालुक्याच्या दक्षिणेला लागून रायगड जिल्ह्यातला कर्जत तालुका आहे. तिथल्या भात संशोधन केंद्राची सुरुवात १९१९ सालची. जुन्या काळी कोकणातल्या केंद्रांवर गावोगावची भातं गोळा करून त्यांतून चांगल्या ओळी निवडत. निवडलेल्या ओळीला नोंदवहीत जो क्रमांक पडे तोच पुढे नावाला चिकटे. कोलंबा १८४, झिणी ३१, पटणी ६, पनवेल ६१ ही नावं त्याच रीतीची. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने १९६६ मध्ये प्रसारित केलेल्या 'आयआर ८'ची गोष्टही वेगळी नाही. त्यातला ८ म्हणजे संस्थेने केलेला आठवा संकर. त्याचं पूर्ण नाव 'आयआर ८-२८८-३', म्हणजे आठव्या संकरातली २८८वी ओळ आणि त्या ओळीतलं तिसरं रोप. कर्जतच्या केंद्राने पुढे कर्जत १, कर्जत २, कर्जत ३ अशी साधी क्रमवारी धरली. त्यामुळे दोन रीतींचे आकडे एकाच फळीवर शेजारी शेजारी दिसतात. १८४ हा आकडा ३ पेक्षा मोठा, म्हणून ते वाण नवं किंवा सरस ठरत नाही, हे मुरबाडच्या शेतकऱ्याला कुणी समजावून सांगावं लागत नाही.

एक आकडा बनवणाऱ्याच्या वहीतला, दुसरा वापरणाऱ्यासाठी मुद्दाम ठरवलेला. ओपन सोर्स, म्हणजे कुणालाही वाचता-बदलता येईल अशा सॉफ्टवेअरच्या जगात गेल्या चाळीस वर्षांत याच दोन आकड्यांची ओढाताण चालली आहे. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बाहेर काढताना तिला कोणता नंबर द्यायचा, हा प्रश्न बाहेरून किरकोळ वाटतो. पण त्यावरून मोठमोठ्या प्रकल्पांत महिनोन्महिने खल झाले, मतदानं झाली, छापलेली पुस्तकं वाया गेली. या सगळ्या इतिहासातून एक गोष्ट वारंवार दिसते. आकडा ज्याच्या हातात पडणार त्याचा विचार करून ठरवला, तेव्हा ती रीत टिकली. बनवणाऱ्याच्या हौसेपायी किंवा धास्तीपोटी ठरला, तेव्हा घोळ झाला.

या इतिहासाचा एक धागा त्याच कर्जत तालुक्यातून जातो. २००७ च्या पावसाळ्यानंतर खैराट या गावच्या धनगरवाड्यातल्या एकशिक्षकी मराठी शाळेत हिरवे-पांढरे छोटे लॅपटॉप आले. अमेरिकेतल्या निकोलस निग्रोपाँटी यांनी २००५ मध्ये जाहीर केलेल्या 'वन लॅपटॉप पर चाइल्ड' या प्रकल्पाचा भारतातला हा पहिला प्रयोग. मुलं पहिली ते चौथीची, जेमतेम वीस-बावीस. यंत्राला सशाच्या कानांसारखे दोन अँटेना आणि उन्हातही वाचता येईल असा पडदा. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातल्या मंडळींनीही पुढे या प्रयोगाचा पाठपुरावा केला. लॅपटॉपवर लिनक्स ही संगणकप्रणाली होती आणि त्यावर मुलांसाठी मुद्दाम घडवलेलं 'शुगर' नावाचं ओपन सोर्स सॉफ्टवेअर.

त्या काळात या लॅपटॉपच्या सॉफ्टवेअरची ओळख 'बिल्ड'च्या क्रमांकाने होत असे. बनवणारे रोज नवं बिल्ड तयार करत आणि क्रमांक एकाने पुढे सरके. त्यांतलं एखादं बिल्ड पारखून बाहेर दिलं जाई. म्हणून लोकांच्या हाती ६५०, ६५६, ७०३ असे मधले टप्पे गाळलेले आकडे येत. ६५६ आणि ७०३ यांच्यात किती फरक आहे, यंत्र अद्ययावत करावं की राहू द्यावं, हे त्या आकड्यावरून शाळेतल्या शिक्षकाला कळण्याची काही सोय नव्हती. मधल्या एका आवृत्तीला 'अपडेट १' असंही नाव दिलं होतं. २००८ मध्ये प्रकल्पाने रीत बदलली. बिल्ड ७०३, म्हणजेच ते 'अपडेट १', आता ८.१.० झालं. ८ म्हणजे २००८ साल, १ म्हणजे त्या सालातलं पहिलं प्रकाशन आणि शेवटचं शून्य किरकोळ दुरुस्त्यांसाठी राखलेलं. त्याच वर्षी आलेलं बिल्ड ७६७ हे ८.२.० ठरलं. नोंदवहीतला आकडा नोंदवहीत राहिला आणि शाळेसाठी वेगळा, अर्थ लागेल असा आकडा मिळाला.

शुगरचा स्वतःचा आकडा मात्र निराळाच होता. ८.२.० मध्ये शुगरची ०.८२ ही आवृत्ती होती. बाहेर द्यायच्या आवृत्तीला सम आकडा द्यायचा, असा इथला शिरस्ता. त्यामुळे पुढे ०.८४, ०.८६, ०.८८ अशी चढण सुरू झाली आणि २०१२ च्या अखेरीस ०.९८ आलं. आता पुढे काय? १.० म्हणायची वाट मोकळी होती. २०१३ मध्ये आलेली आवृत्ती मात्र ०.१०० होती. चौथी-पाचवीत दशांश अपूर्णांक शिकलेलं मूल सांगेल की ०.१०० हा आकडा ०.९८ पेक्षा लहान आहे. सॉफ्टवेअरवाले त्याकडे तसं पाहत नाहीत. त्यांच्या लेखी मधलं टिंब म्हणजे दशांश चिन्ह नव्हे, दोन वेगळ्या मोजण्यांमधली ती भिंत. भिंतीच्या उजवीकडे ९८ नंतर ९९, मग १००. पुढे ०.१०२, ०.१०४ असं होत शुगर ०.११८ च्याही पुढे गेलं आणि डावीकडचं शून्य जागचं हललं नाही. ज्या मुलांसाठी हे सॉफ्टवेअर लिहिलं त्यांना वर्गात शिकवलेल्या गणिताच्या नेमका उलटा अर्थ त्यांच्याच यंत्रावर होता. एवढी शक्ती आणि माया ओतलेल्या प्रकल्पात या एका टिंबाकडे कुणी मुलाच्या नजरेने पाहायला हवं होतं.

डावीकडच्या शून्याची ही सवय जुनी आहे. त्याआधी मात्र सॉफ्टवेअरला स्वतःचा आकडाच नसे. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत घडलेली युनिक्स ही संगणकप्रणाली हे त्याचं ठळक उदाहरण. युनिक्सच्या आवृत्त्या ओळखल्या जात त्या माहितीपुस्तिकेच्या आवृत्तीवरून. पहिल्या पुस्तिकेवर ३ नोव्हेंबर १९७१ ही तारीख आहे, म्हणून ते 'पहिल्या आवृत्तीचं युनिक्स'. १९७५ ची सहावी आवृत्ती आणि १९७९ ची सातवी आवृत्ती विद्यापीठांमधून दूरवर पोचल्या. आकडा छापील पुस्तकाचा होता आणि तो वापरणाऱ्याच्या टेबलावर उघडा पडलेला असे, ही त्यातली जमेची बाजू.

फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरवाल्ड्स यांनी सप्टेंबर १९९१ मध्ये आपल्या लिनक्सला ०.०१ हा आकडा दिला. त्यात प्रामाणिकपणा होता. हे अजून काही नाही, नुसती सुरुवात आहे, असं तो आकडा सांगत होता. जानेवारी १९९२ मध्ये ०.१२ आलं आणि मार्चमध्ये थेट ०.९५. काम जवळजवळ पूर्ण झालं, १.० आता हाकेच्या अंतरावर आहे, अशी टोरवाल्ड्स यांची खात्री झाली होती. पण नेटवर्कचं काम अंदाजापेक्षा फार चिवट निघालं. ०.९९ शी येऊन गाडी अडली ती अडलीच. मग ०.९९ च्या शेपटीला दुरुस्त्यांचे क्रमांक जोडत जोडत दिवस काढावे लागले. १.० उजाडलं ते १४ मार्च १९९४ रोजी. दोन वर्षं आधी घेतलेल्या उडीने वापरणाऱ्यांना चुकीची आशा लावली होती आणि ती फेडताना आकडेच पुरेनात.

त्यानंतर लिनक्सने एक सोपी खूण धरली. दुसरा आकडा सम असेल तर आवृत्ती भरवशाची, विषम असेल तर प्रयोगाची. २.२ आणि २.४ कामाच्या यंत्रावर चालवायच्या, २.३ आणि २.५ वर हौशींनी हात साफ करायचा. कुठल्याही गावातल्या माणसाला एका नजरेत उलगडा व्हावा, अशी ही रीत होती आणि ती अनेक प्रकल्पांनी उचलली. शुगरच्या सम आकड्यांचं मूळही याच चालीत आहे. डिसेंबर २००३ मध्ये २.६ आलं आणि प्रयोगाची वेगळी फांदी ठेवणं थांबलं. नव्या गोष्टी थेट मुख्य धारेत येऊ लागल्या. तेव्हापासून फक्त तिसरा आकडा वाढत गेला आणि २.६.३९ पर्यंत पोचला. जुलै २०११ मध्ये, लिनक्सला वीस वर्षं होत असताना, टोरवाल्ड्स यांनी त्याला ३.० म्हटलं आणि आतमध्ये काहीही उलथापालथ झालेली नाही हे उघड सांगून टाकलं. पुढे ३.१९ नंतर ४.०, ४.२० नंतर ५.०, ५.१९ नंतर ६.० अशी चाल पडली. दुसरा आकडा विसाच्या घरात गेला की पहिला एकाने वाढवायचा, एवढाच त्यामागचा हिशेब. आकडा लक्षात राहावा आणि मोजता यावा, इतकंच काम त्याच्याकडे ठेवलं गेलं.

मराठी मुलखात लिनक्स पोचलं कसं, याच्या गोष्टीत एक मराठी आडनाव आहे. बर्लिनमध्ये जन्मलेले आणि बेळगावात इंजिनिअरिंग शिकलेले अतुल चिटणीस हे भारतातल्या ओपन सोर्स चळवळीचे अग्रणी. २०१३ मध्ये त्यांचं निधन झालं. इंटरनेटची जोडणी मोजक्या शहरांत आणि तीही टेलिफोनच्या तारेवरून मिळत होती, त्या काळात शेकडो मेगाबाइटचं सॉफ्टवेअर उतरवून घेणं अशक्यच होतं. १९९६ मध्ये 'पीसी क्वेस्ट' या मासिकाने अंकासोबत लिनक्सची सीडी दिली आणि चिटणीस यांनी तिच्या प्रसाराचा ध्यास घेतला. ती आवृत्ती 'स्लॅकवेअर' या वितरणाची, म्हणजे लिनक्सभोवती बांधलेल्या तयार संचाची होती. मासिक जिथे पोचे तिथे लिनक्स पोचे. नंतर मासिकाने 'पीसीक्यू लिनक्स' या नावाने स्वतःचं वितरण देणं सुरू केलं. आधी त्यावर ७.१, ८.० असे आकडे असत. पुढे सरळ साल आलं : पीसीक्यू लिनक्स २००४, पीसीक्यू लिनक्स २००५. वाचकाकडे जुन्या अंकांच्या सीडींची चवड असे. त्यांतली ताजी कोणती, हे साल वाचलं की झालं.

त्याच स्लॅकवेअरने आकड्यांच्या इतिहासातली एक गाजलेली उडी मारली. १९९९ मध्ये ४.० नंतरची आवृत्ती आली ती ७.०. पाच आणि सहा झालेच नाहीत. पॅट्रिक वोल्करडिंग हे गृहस्थ स्लॅकवेअर जवळजवळ एकहाती सांभाळत. बाजारात रेड हॅटसारखी वितरणं सहावर पोचली होती. आतला माल तितकाच ताजा असूनही स्लॅकवेअर मागे पडलं, असं लोकांना वाटू लागलं आणि तुमचं सहा कधी येणार, हा प्रश्न त्यांना पुन्हा पुन्हा ऐकावा लागला. शेवटी त्यांनी आकडाच पुढे नेला. इतरांच्या आकड्यांकडे पाहून आपला आकडा ठरवावा लागणं ही खेदाची गोष्ट खरी. पण ग्राहकाचा गैरसमज दूर करण्याचा दुसरा उपाय त्यांच्यापाशी नव्हता.

डेबियन या दुसऱ्या वितरणावर याहून चमत्कारिक प्रसंग आला. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये सुरू केलेल्या या प्रकल्पाच्या कार्यकर्त्यांनी १.० साठी नेटाने तयारी चालवली होती. १९९५ च्या अखेरीस एका सीडी विक्रेत्याने त्यांच्या अर्धवट, चालू कामाची नक्कल उतरवली आणि १.० असं छापून विकली. यंत्रं धड चालेनात आणि बोल डेबियनला. कार्यकर्त्यांनी १.० हा आकडा कायमचा सोडून दिला आणि जून १९९६ मध्ये आपली पहिली पक्की आवृत्ती १.१ म्हणून बाहेर काढली. खरं १.० डेबियनमध्ये कधी झालंच नाही. नासलेला आकडा दुरुस्त करून वापरण्यापेक्षा टाकून दिला, म्हणजे विकत घेणाऱ्याच्या हातात दोन वेगवेगळी १.० पडली नाहीत.

आकडा वाढतो तेव्हा जुनं मोडतं का, हा वापरणाऱ्याचा खरा प्रश्न. त्याची सर्वांत मोठी कसोटी लागली ती पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत, आणि ती मराठीशी थेट जोडलेली आहे. 'मुरबाड' हा शब्द घ्या. डोळ्याला अक्षरं दिसतात चार : मु, र, बा, ड. जगातल्या लिप्यांच्या चिन्हांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडमध्ये उकार आणि काना वेगळे मोजतात, म्हणून चिन्हं होतात सहा. साठवताना यूटीएफ-८ पद्धतीत प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. पायथॉन २ मध्ये हा शब्द साध्या अवतरणात लिहून त्याची लांबी विचारली की उत्तर येई १८. तिथे शब्द म्हणजे नुसती बाइटची माळ होती. पायथॉन ३ मध्ये उत्तर येतं ६. इंग्रजी अक्षर एका बाइटमध्ये मावत असल्यामुळे इंग्रजीत लिहिणाऱ्याला हा फरक जाणवतही नसे. देवनागरीत काम करणाऱ्याला मात्र तो पावलोपावली नडे. शब्द मधेच तुटत, चौकोन आणि प्रश्नचिन्हं उमटत.

३ डिसेंबर २००८ रोजी आलेल्या पायथॉन ३.० ने हे मुळापासून बदललं आणि त्यापायी जुने प्रोग्रॅम चालेनासे झाले. पहिला आकडा बदलण्यामागचा इशारा तोच होता : पूल ओलांडताय, मागचं सामान आहे तसं इकडे येणार नाही. जग तो पूल ओलांडायला तयार नव्हतं. जुन्या वाटेवरची शेवटची आवृत्ती, पायथॉन २.७, हिची देखभाल २०१५ मध्ये थांबायची होती. ती मुदत २०२० पर्यंत वाढवावी लागली. १ जानेवारी २०२० रोजी पायथॉन २ चा आधार अधिकृतपणे संपला. अकरा वर्षं दोन्ही आकडे शेजारी नांदले. त्रास मोठा झाला, पण फसवणूक कुणाची झाली नाही, कारण काय मोडणार हे आकडा पहिल्या दिवसापासून सांगत होता.

संकेतस्थळं घडवायच्या पीएचपी या भाषेने हीच वाट धरली आणि ती हुकली. पीएचपी ६ मध्ये युनिकोड भाषेच्या गाभ्यातच आणायचं ठरलं होतं. काम इतकं जड झालं की २०१० मध्ये ते सोडून द्यावं लागलं. तोवर 'पीएचपी ६' शिकवणारी पुस्तकं छापून दुकानांत आली होती. विद्यार्थी ती विकत घेत होते आणि ते सॉफ्टवेअर अस्तित्वातच नव्हतं. २०१४ मध्ये कार्यकर्त्यांनी मतदान घेतलं आणि सहा हा आकडा सोडून द्यायचं ठरवलं. ५.६ नंतर, डिसेंबर २०१५ मध्ये, पीएचपी ७ आलं. ज्यांनी ती पुस्तकं घेतली त्यांच्या हाती निदान पुढच्या आवृत्तीबद्दल दिशाभूल करणारा मजकूर राहिला नाही.

या सगळ्या अनुभवांवरून कोणीतरी नियम बांधून देणं भाग होतं. सॉफ्टवेअर साठवण्या-वाटण्याच्या 'गिटहब' या संकेतस्थळाचे एक संस्थापक टॉम प्रेस्टन-वर्नर यांनी ते काम केलं. 'सिमँटिक व्हर्जनिंग' या नावाने त्यांनी लिहिलेल्या नियमांची २.०.० ही आवृत्ती २०१३ मध्ये आली. तीन आकडे, मधे दोन टिंबं. जुनं मोडणारा बदल केला तर पहिला आकडा वाढवा. जुनं शाबूत ठेवून नवं काही जोडलं तर दुसरा वाढवा. नुसती चूक दुरुस्त केली तर तिसरा. एकदा बाहेर दिलेल्या आवृत्तीत नंतर गुपचूप काही बदलायचं नाही. काही करायचंच असेल तर नवा आकडा घ्या. एका प्रोग्रॅमच्या पोटात दुसऱ्यांचे शंभर प्रोग्रॅम असतात, अशा काळात हे नियम फार मोलाचे ठरले. आत डोकावून न पाहता, केवळ आकड्याच्या भरवशावर, काय घ्यावं आणि काय थांबवावं हे ठरवता येऊ लागलं.

सामान्य माणसासमोर येणाऱ्या सॉफ्टवेअरने मात्र पुष्कळदा कॅलेंडरचा रस्ता धरला. उबुंटू या वितरणाची पहिली आवृत्ती ऑक्टोबर २००४ मध्ये आली, म्हणून ४.१०. दर सहा महिन्यांनी, एप्रिल आणि ऑक्टोबरमध्ये, नवी आवृत्ती. २००६ ची वसंतातली आवृत्ती ६.०४ व्हायची होती. पण तिला दीर्घकाळ आधार द्यायचा असल्यामुळे पारखायला आणखी सहा आठवडे घेतले आणि ती जूनमध्ये ६.०६ म्हणून आली. उशीर झाला तो आकड्यातच नोंदला गेला. उबुंटूच्या सीडी त्या काळात मागणी नोंदवली की पोस्टाने फुकट घरपोच येत. ही सोय २०११ पर्यंत चालली. कागदी पाकिटावर '६.०६ एलटीएस' वाचलं की समजे : २००६ च्या जूनमधली, साध्या संगणकावर तीन वर्षं आणि सर्व्हरवर पाच वर्षं सांभाळली जाणारी. ज्याला जोडणी मिळायची मारामार, त्याला मुदत आधी कळणं हीच खरी सोय होती.

उबुंटूच्या १०.१० या आवृत्तीसाठी तारीखच आकड्याला जुळवून घेतली. ती १० ऑक्टोबर २०१० रोजी बाहेर आली. या आवृत्तीशी मुंबईचंही नातं आहे. आयआयटी मुंबईत डिझाइनचं संशोधन केलेल्या डी. उदय कुमार यांनी रेखाटलेलं ₹ हे चिन्ह केंद्र सरकारने १५ जुलै २०१० रोजी स्वीकारलं. युनिकोडने ते ऑक्टोबर २०१० च्या ६.० या आवृत्तीत घेतलं आणि त्याच महिन्यातल्या १०.१० मध्ये ते उबुंटूच्या अक्षरसंचात आयतं मिळू लागलं. हिशेबात रुपयाचं चिन्ह का उमटत नाही, असं पुढे कुणी विचारलं की पहिला प्रतिप्रश्न असे, 'व्हर्जन कोणतं?'

युनिकोडचे आकडे मराठी माणसाने विशेष जपून ठेवावेत असे आहेत. 'ॲप' या शब्दातलं ॲ युनिकोडमध्ये स्वतंत्रपणे आलं ते एप्रिल २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. तोवर मराठीत ऍ हे हिंदीच्या वळणाचं रूप चालवून घ्यावं लागे. आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकातलं अक्षर संगणकावर उमटायला ५.१ ची वाट पाहावी लागली. पण युनिकोडने एक वचनही पाळलं आहे. १९९६ च्या २.० या आवृत्तीत कोरियन अक्षरांच्या जागा हलवल्या गेल्या आणि त्यातून गोंधळ उडाला. त्यानंतर एकदा दिलेली जागा कधीही हलवायची नाही, असं धोरण ठरलं. आज लिहिलेलं ॲ कुठल्याही पुढच्या आवृत्तीत ॲच राहील. अक्षराला जागा मिळाली तरी फाँटमध्ये ते कोरावं लागतं. रेड हॅटने २००४ मध्ये खुला केलेला आणि पुण्यातल्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं सांभाळलेला 'लोहित' हा अक्षरसंच त्या कामाचा एक मोठा आधार. २०११ मध्ये त्याचा परवानाही अधिक मोकळा केला गेला.

कॅलेंडरचा रस्ता अजून रुंद होतो आहे. अनेक कार्यालयांत पत्रव्यवहारासाठी वापरलं जाणारं लिबरऑफिस २०२३ मध्ये ७.६ वर होतं. त्याची पुढची आवृत्ती, २०२४ च्या सुरुवातीची, २४.२ झाली. लिनक्सच्या पडद्याची मांडणी पुरवणाऱ्या 'ग्नोम'ने २०२१ मध्ये ३.३८ नंतर ४० हा आकडा घेतला. ४.० म्हटलं असतं तर सगळं उलटंपालटं झालं, असा धसका लोकांनी घेतला असता. तो बसू नये म्हणून टिंबच काढून टाकलं.

या सगळ्यात आजही सर्वांत अवघड आकडा म्हणजे १.०. विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारं 'वाइन' १९९३ मध्ये सुरू झालं आणि त्याचं १.० आलं २००८ मध्ये. चित्रं काढायचं 'इंकस्केप' २००३ चं, त्याचं १.० आलं मे २०२० मध्ये. यंत्रांचे आराखडे करायचं 'फ्रीकॅड' २००२ पासूनचं, त्याचं १.० नोव्हेंबर २०२४ मध्ये. इतकी वर्षं लाखो माणसं ही सॉफ्टवेअर रोजच्या कामात वापरत होती आणि आकडा मात्र 'अजून पूर्ण नाही' असं म्हणत होता. या बिचकण्यामागे विनय असतो, चुकलो तर बोलणी खावी लागतील ही भीतीही असते. पण त्या विनयाची किंमत वापरणारा मोजतो. ०.४८ असा आकडा पाहून शाळेतला शिक्षक किंवा ग्रामपंचायतीतला संगणक चालक ते घ्यायला धजावत नाही. प्रेस्टन-वर्नर यांच्या नियमांत याचं सरळ उत्तर आहे. लोक ते खऱ्या कामाला वापरत असतील, तर ते एव्हाना १.०.० असायला हवं.

मराठीसाठी फाँट, कळफलक, शब्दकोश, शुद्धलेखन तपासनीस अशी कामं करणारी मंडळी आज थोडी आहेत आणि बहुतेक जण पदरमोड करून, नोकरी सांभाळून ती करतात. त्यांच्याकडून अधिक काही मागणं जिवावर येतं. तरीही दोन गोष्टी त्यांनी कराव्यात. काम वापरात आलं की त्याला १.०.० म्हणावं. आणि प्रत्येक आकड्याखाली दोन ओळी मराठीत लिहाव्यात : काय नवं आलं, जुनं काय चालणार नाही, कोणत्या जुन्या यंत्रावर हे उतरवू नये. मुरबाड-शहापूरच्या एखाद्या शाळेत संगणकाचं काम बहुधा एकाच शिक्षकाच्या गळ्यात पडलेलं असतं. नवी आवृत्ती शनिवारी दुपारी उतरवून घ्यावी की परीक्षा संपेपर्यंत थांबावं, हे त्या शिक्षकाला त्या दोन ओळींवरून तिथल्या तिथे ठरवता येईल.